चीनच्या लहान शहरात पाय रोवताना : शहर निवडण्यापासून बाहेर पडण्यापर्यंत

जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागातली केर्न-लीबर्स ही स्प्रिंग बनवणारी कंपनी १९९३ मध्ये चीनमध्ये आली, तेव्हा तिने शांघायऐवजी ताईत्सांग पसंत केले. शांघायपासून साधारण ५० किलोमीटरवरचे हे छोटे शहर सुझोऊच्या प्रशासनाखाली येते. आज तिथे ५०० हून अधिक जर्मन कंपन्या आहेत. त्यांतल्या अनेक आपल्या भोसरी-चाकणमध्ये दिसतात तशाच घराण्याच्या, मध्यम आकाराच्या आणि एकाच प्रकारचा सुटा भाग वर्षानुवर्षे बनवणाऱ्या आहेत. त्या ताईत्सांगला गेल्या याची कारणे साधी होती. फोक्सवॅगनचा संयुक्त कारखाना जवळच आनटिंगला होता, शांघायचे बंदर आणि विमानतळ हाताशी होते, आणि भाडे मात्र शांघायचे नव्हते. पुढे २००१ मध्ये तिथे जर्मन पद्धतीचे, अर्धा वेळ वर्गात आणि अर्धा वेळ यंत्रावर शिकवणारे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि कुशल कामगार गावातच तयार होऊ लागले.

लहान चिनी शहराचा विचार करणाऱ्या प्रत्येक परदेशी कंपनीने आधी हे उदाहरण समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. सवलतींची यादी पाहून शहर निवडणाऱ्या कंपन्या पुढे अडचणीत येतात, तर ग्राहक, पुरवठादार आणि कामगार पाहून निवडणाऱ्या टिकतात. खालचा सगळा क्रम याच समजुतीवर बेतलेला आहे.

आधी ‘शहर’ या शब्दाचा अर्थ

चीनमध्ये प्रांताखाली येणारे शहर हे बहुधा आपल्या जिल्ह्यासारखे असते. त्यात मुख्य नागरी भाग, आसपासचे तालुके आणि शेतीही येते. सिच्वान प्रांतातल्या यिबिनची लोकसंख्या चाळीस लाखांवर आहे असे वाचून डोळ्यांपुढे नागपूरहून मोठे महानगर आणू नये, कारण तो आकडा पूर्ण जिल्ह्याचा आहे. याउलट ताईत्सांग, कुनशान, यिवू ही तालुक्याच्या दर्जाची शहरे आहेत, आणि तरीही एकट्या कुनशानचे वार्षिक उत्पादन २०२२ मध्ये ५०० अब्ज युआनच्या वर गेले. दर्जा लहान म्हणून अर्थव्यवस्था लहान असे तिथे नसते.

‘पहिल्या’, ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’ श्रेणीची शहरे ही वर्गवारी सरकारी नाही. सर्वांत जास्त वापरली जाणारी यादी यीत्साय या चिनी अर्थविषयक माध्यमसमूहाची असून ती ३३७ शहरांना दुकानांची संख्या, वाहतूक, लोकांची वर्दळ अशा कसोट्यांवर बसवते. ग्राहकोपयोगी वस्तू विकणाऱ्याला ती उपयोगी पडते, पण कारखाना काढणाऱ्याला फारशी नाही.

पहिली पायरी : आपण नक्की कशासाठी जात आहोत

हा प्रश्न बाळबोध वाटतो, पण बहुतेक चुका इथेच होतात. माल विकत घ्यायचा असेल तर कारखान्याची गरजच नाही. यिवूच्या घाऊक बाजारात सुमारे ७५,००० गाळे आहेत, शाओशिंगच्या खचियाओ भागात कापडाची प्रचंड बाजारपेठ आहे, आणि दोन्ही ठिकाणी भारतीय व्यापाऱ्यांचा वर्षानुवर्षांचा राबता आहे. तिथे छोटी व्यापारी कंपनी किंवा विश्वासू खरेदी प्रतिनिधी पुरतो.

लहान शहरांतल्या ग्राहकाला माल विकायचा असेल तर आधी कंपनी न काढता सीमापार ई-कॉमर्सच्या मार्गाने चाचणी घ्यावी. या मार्गाने येणाऱ्या मालाला ग्राहकामागे एका खरेदीस ५,००० युआन आणि वर्षाला २६,००० युआन अशी मर्यादा आहे. तिच्या आत आयात शुल्क शून्य असते आणि इतर करांतही सूट मिळते. ऑर्डर कोणत्या शहरांतून येतात हे सहा महिने पाहिले तर कोणत्याही सल्लागाराच्या अहवालापेक्षा खात्रीचा नकाशा हाती येतो.

उत्पादन करायचे असेल तर मात्र पुढच्या सगळ्या पायऱ्या लागू होतात, आणि या लेखाचा मुख्य भर त्यावरच आहे.

दुसरी पायरी : कागदावर शहर वाचणे

आपल्या मालाची साखळी कुठे आहे हे प्रथम शोधावे. चिनी लहान शहरे बहुधा एखाद्या धंद्याभोवती वाढलेली असतात. वूहू चेरी मोटारींमुळे, चूझोऊ रेल्वे इंजिनांमुळे, चिनचियांग बुटांमुळे, तर तानयांग चष्म्यांमुळे ओळखले जाते. धान्याच्या मद्यासाठी प्रसिद्ध असलेले यिबिन सीएटीएल या बॅटरी कंपनीचा कारखाना आल्यापासून बॅटऱ्यांचे केंद्र बनले आहे. हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, साचे, पॅकिंगची खोकी या चार गोष्टी कारखान्यापासून तासाभराच्या अंतरावर मिळत नसतील, तर स्वस्त जागेतला फायदा वाहतुकीत आणि विलंबात निघून जातो.

यानंतर पैशाची आणि माणसांची बाजू पाहावी. प्रत्येक शहराचा सांख्यिकी विभाग दरवर्षी मागील वर्षाचा अहवाल प्रसिद्ध करतो, आणि त्यातले दोन आकडे मी सर्वांत आधी पाहतो. पहिला, प्रत्यक्ष राहणाऱ्यांची संख्या आणि ‘हुकोउ’ म्हणजे नोंदणीकृत रहिवाशांची संख्या यांतला फरक. राहणारे नोंदणीकृतांपेक्षा कमी असतील तर तरुण मंडळी कामासाठी बाहेर जात आहेत, आणि तुमच्या कारखान्याला पंचविशीतले कामगार मिळणे अवघड जाईल. दुसरा, स्थानिक सरकारचा स्वतःचा महसूल आणि त्यातला करांचा वाटा. जमीन विकून चालणारी तिजोरी २०२१ नंतर अनेक ठिकाणी आटली आहे. क्वेचौ प्रांतातल्या त्सुन-यी शहरातील एका सरकारी बांधकाम कंपनीला २०२२ च्या डिसेंबरमध्ये १५.६ अब्ज युआनच्या बँक कर्जाची मुदत थेट वीस वर्षांनी वाढवून घ्यावी लागली. ज्या गावची तिजोरी अशी ताणलेली असेल तिथे देऊ केलेले अनुदान वेळेवर मिळेल असे धरून ताळेबंद मांडू नये.

वीज आणि पर्यावरणाचे नियम हे उरलेले दोन धोके. २०२२ च्या ऑगस्टमध्ये दुष्काळामुळे जलविद्युत घटली आणि सिच्वान प्रांतात कारखान्यांना अनेक दिवस वीज बंद ठेवावी लागली. स्वस्त जलविद्युत हे ज्या भागाचे आकर्षण, तोच त्याचा कच्चा दुवा ठरला. रसायनांशी संबंध असलेल्या कंपन्यांनी तर यानचंगच्या श्यांगश्वे तालुक्याची आठवण ठेवावी. तिथे २१ मार्च २०१९ रोजी एका रसायन कारखान्यात झालेल्या स्फोटात ७८ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर ते औद्योगिक क्षेत्र बंद करण्याचा निर्णय झाला आणि सगळ्या च्यांगसू प्रांतात रसायन उद्योगांवर कात्री चालली. त्या क्षेत्रात ज्यांचे काम नियमानुसार चालले होते, त्यांनाही याची झळ बसली.

तिसरी पायरी : पायी फिरून शहर पाहणे

कागदावर तीन शहरे उरली की प्रत्येकाला किमान दोन पूर्ण दिवस द्यावेत. पहिला दिवस औद्योगिक क्षेत्राच्या अधिकाऱ्यांचा असतो. ते मिनीबसमधून फिरवतात, शहराची प्रतिकृती असलेल्या दालनात नेतात, झाकणाच्या कपांत चहा देतात आणि मोठ्या पडद्यावर चित्रफीत दाखवतात. हे सगळे आदराने घ्यावे, कारण पुढची अनेक वर्षे आपली कामे याच माणसांकडे असतात.

दुसरा दिवस आपला. एका दौऱ्यात सकाळी साडेसहालाच दुभाष्याला घेऊन मी त्याच औद्योगिक क्षेत्रात पायी गेलो. आदल्या दिवशी ‘पूर्ण भरलेले’ म्हणून दाखवलेल्या इमारतींपैकी दोन रांगांसमोर पाळी बदलण्याच्या वेळी मिळून जेमतेम तीस-चाळीस विजेच्या स्कूटर उभ्या होत्या. तिसऱ्या रांगेसमोर मात्र पाय ठेवायला जागा नव्हती, आणि तिथल्या प्रत्येक फाटकावर कामगार हवेत अशी पाटी होती. त्या पाट्या नीट वाचाव्यात. पगार, जादा कामाचे तास, जेवण-राहण्याची सोय आणि वयाची अट असे सगळे त्यांवर लिहिलेले असते. आपल्याला प्रत्यक्षात काय पगार द्यावा लागेल याचा त्याहून ताजा आकडा कुठेच मिळत नाही. पाटीवर वयाची अट पन्नासपर्यंत सैल केलेली दिसली, तर त्या गावात तरुण कामगारांची टंचाई आहे हे ओळखावे.

त्याच दिवशी तिथे आधीच असलेल्या एखाद्या परदेशी कारखान्याच्या व्यवस्थापकाला भेटावे आणि अनुदान किती मिळाले यापेक्षा किती दिवसांनी मिळाले हे विचारावे.

चौथी पायरी : वाटाघाटी

समोरचा पक्ष म्हणजे ‘चाओशांग’ कार्यालय, अर्थात गुंतवणूक आणण्यासाठी नेमलेला विभाग. या अधिकाऱ्यांना दरवर्षी गुंतवणुकीचे उद्दिष्ट दिलेले असते, त्यामुळे ते मनापासून मदत करतात आणि कधी कधी अधिकाराबाहेरचे शब्दही देतात. काही वर्षांत त्यांची बदली होते, आणि नव्या माणसाला आधीच्याने जेवणाच्या टेबलावर काय कबूल केले हे ठाऊक नसते.

कायद्यातली दोन कलमे इथे जोडीने लक्षात ठेवायला हवीत. १ जानेवारी २०२० पासून लागू असलेल्या परदेशी गुंतवणूक कायद्याच्या २५ व्या कलमानुसार स्थानिक सरकारांनी कायद्याला धरून दिलेली धोरणात्मक आश्वासने आणि केलेले करार पाळलेच पाहिजेत. यातले ‘कायद्याला धरून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झालेल्या न्याय्य स्पर्धा परीक्षण नियमांनी, वरच्या पातळीवरील कायद्याचा किंवा मंजुरीचा आधार नसताना एखाद्या विशिष्ट कंपनीला करसवलत किंवा निवडक अनुदान देण्यास स्थानिक सरकारांना मनाई केली आहे. म्हणजे दहा वर्षांपूर्वी सर्रास मिळणारी ‘भरलेला कर परत’ ही सवलत आज कुणी देऊ केली, तर ती कागदावर असूनही रद्दबातल ठरू शकते. म्हणून प्रत्येक सवलतीपुढे एकच प्रश्न विचारावा : ही कोणत्या नियमाखाली, कोणत्या पातळीच्या आदेशाने? उत्तरात आदेशाचा क्रमांक आला तरच ती हिशेबात धरावी.

भक्कम पायावर उभ्या असलेल्या सवलती वेगळ्या आहेत. परदेशी गुंतवणुकीस प्रोत्साहन दिलेल्या उद्योगांच्या सूचीत एक भाग सगळ्या देशासाठी आणि दुसरा मध्य व पश्चिमेकडील प्रांतांसाठी असतो. सूचीतल्या उद्योगाला स्वतःच्या वापराची यंत्रे ठरावीक मर्यादेत आयात शुल्काशिवाय आणता येतात. पश्चिमेकडील प्रांतांत, प्रोत्साहनप्राप्त उद्योगातून किमान ६० टक्के उत्पन्न असलेल्या कंपनीला ३१ डिसेंबर २०३० पर्यंत २५ ऐवजी १५ टक्के कंपनी कर भरावा लागतो. उच्च तंत्रज्ञान कंपनी म्हणून मान्यता मिळाल्यास तोच दर देशात कुठेही लागू होतो. सूची वेळोवेळी बदलत असल्याने चालू आवृत्तीच पाहावी.

करारात आपल्याकडून काय मागितले आहे, हे तितक्याच बारकाईने वाचावे. जमीन घेतल्यास दर ‘मू’मागे किती गुंतवणूक आणि किती कर, असे बंधन घातलेले असते. मू म्हणजे सुमारे ६६७ चौरस मीटर. माझ्या परिचयातल्या एका कंपनीने उत्साहाच्या भरात पाचव्या वर्षीचा आकडा तिसऱ्या वर्षी देण्याचे मान्य केले. मंदी आली, आकडा गाठता आला नाही आणि आधी मिळालेले अनुदान परत करण्याची नोटीस आली. तिथले अधिकारी चुकले नव्हते, सही कंपनीचीच होती.

पहिल्या पाच वर्षांसाठी जमीन न घेता तयार इमारत भाड्याने घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. जमीन सरकारी मालकीची असते आणि औद्योगिक वापराचा हक्क जास्तीत जास्त ५० वर्षांचा, तोही लिलावाच्या प्रक्रियेतून मिळतो. भाड्याच्या इमारतीत मात्र एक गोष्ट हटकून तपासावी, ती म्हणजे तिचा आगीच्या धोक्यानुसार ठरलेला वर्ग. चीनमध्ये असे पाच वर्ग आहेत. धातूकामासाठी मंजूर झालेल्या इमारतीत पुढे रंगकामाचा विभाग घालता येत नाही, आणि ते करार झाल्यावर कळले तर सहा महिने हातचे जातात. मालकी हक्काचे प्रमाणपत्र, अग्निसुरक्षेचा स्वीकृती दाखला आणि आपल्या प्रक्रियेला त्या जागी पर्यावरण मंजुरी मिळेल का याचे उत्तर, हे तीन कागद हातात आल्याशिवाय अनामत देऊ नये.

पाचवी पायरी : कंपनीची नोंदणी

परदेशी गुंतवणुकीला मनाई किंवा मर्यादा असलेल्या क्षेत्रांच्या राष्ट्रीय सूचीच्या २०२४ च्या आवृत्तीत २९ बाबी उरल्या आणि उत्पादन क्षेत्रावरची सर्व बंधने निघाली. त्यामुळे चिनी भागीदार घेणे बहुतेक कारखान्यांना आता सक्तीचे नाही. भागीदार घ्यायचाच तर बाजारपेठेसाठी घ्यावा. महिंद्राने ट्रॅक्टरसाठी आधी नानचांगमध्ये आणि पुढे यानचंगमध्ये युएदा समूहासोबत काम केले. दोन्ही शहरे महानगरांपासून दूर, पण शेतीच्या आणि स्थानिक उत्पादकांच्या जवळची होती. संभाव्य भागीदाराचे नाव सरकारच्या कंपनी-माहिती संकेतस्थळावर आणि न्यायालयाच्या थकबाकीदारांच्या यादीत विनामूल्य पाहता येते, म्हणून पहिल्या भेटीआधीच हे पाहून ठेवावे.

प्रतिनिधी कार्यालय काढणे सोपे वाटते, पण त्याला थेट विक्री करता येत नाही, म्हणून उत्पादकाच्या ते कामाचे नाही.

भारतीय कंपन्यांनी कागदपत्रांना जादा वेळ धरावा. एका देशाचे कागद एकाच शिक्क्यावर दुसऱ्या देशात ग्राह्य धरण्याचा, म्हणजे अ‍ॅपोस्टिलचा, आंतरराष्ट्रीय करार चीनमध्ये ७ नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाला असला, तरी तो भारत आणि चीन यांच्यात लागू नाही. जर्मन कंपनीचे काम एका शिक्क्यात भागते, पण पुण्याच्या कंपनीला नोटरी, भारतातले प्रमाणीकरण आणि मग चिनी वकिलातीचे प्रमाणीकरण असा जुनाच मार्ग घ्यावा लागतो. महाराष्ट्रातल्यांसाठी मुंबईत चीनचा वाणिज्य दूतावास आहे, आणि तिथली चालू पद्धत आधी विचारून घ्यावी.

नोंदणीत भांडवलाचा आकडा मिरवण्यासाठी फुगवू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या सुधारित कंपनी कायद्यानुसार नोंदवलेले भांडवल पाच वर्षांत पूर्ण भरावे लागते. ‘व्यवसायाची व्याप्ती’ हा रकाना मात्र विचारपूर्वक आणि जरा रुंद लिहावा, कारण त्यात नसलेल्या कामात पुढे अडचणी येतात.

परवाना मिळाला की कंपनीचे शिक्के तयार होतात. मुख्य शिक्का गोल असतो, त्याच्या मधोमध तारा आणि कडेने कंपनीचे चिनी नाव असते, आणि तो पोलिसांकडे नोंदवलेला असतो. चीनमध्ये हा लाल ठसा सहीहून वजनदार मानला जातो. तो ज्याच्या कपाटात, त्याच्या हाती कंपनी. म्हणून मुख्य शिक्का, आर्थिक व्यवहारांचा शिक्का आणि कायदेशीर प्रतिनिधीचा शिक्का तीन वेगळ्या माणसांकडे ठेवावेत आणि प्रत्येक वापराची वहीत नोंद करावी. कायदेशीर प्रतिनिधी म्हणून कुणाचे नाव द्यायचे हेही हलक्यात घेऊ नये. कंपनी न्यायालयाचा आदेश पाळू शकली नाही, तर त्या व्यक्तीला देश सोडण्यास मनाई होऊ शकते.

सहावी पायरी : नाव, माणसे, पावत्या

व्यापारचिन्ह जो आधी नोंदवतो त्याचे, असा चीनचा नियम आहे. म्हणून पहिल्या प्रदर्शनाला जाण्याआधीच ते नोंदवावे, आणि आपल्या नावाचे चिनी रूपही स्वतःच ठरवून नोंदवावे. ते आपण ठरवले नाही तर बाजार ठरवतो, आणि तेच नाव दुसरा कुणी नोंदवून बसतो.

कामगाराशी लेखी करार पहिल्या महिन्याच्या आत व्हायलाच हवा, नाहीतर दुसऱ्या महिन्यापासून दुप्पट वेतन द्यावे लागते. दोन मुदतीचे करार झाले की तिसरा सहसा बेमुदत होतो. किमान वेतन आणि सामाजिक विम्याचा हप्ता शहरागणिक बदलतो, म्हणून शांघायच्या हिशेबनिसाने दिलेला तक्ता जसाच्या तसा वापरू नये. माणसे टिकवायची असतील तर ताईत्सांगच्या वाटेने जावे : स्थानिक तंत्रविद्यालयाशी पहिल्याच वर्षी संबंध जोडावा आणि आपली दोन यंत्रे त्यांच्या कार्यशाळेत ठेवावीत. कारखान्याचा प्रमुख शांघायहून आणण्यापेक्षा, मोठ्या शहरात दहा वर्षे काम करून मुलाच्या शाळेसाठी गावी परतू पाहणारा अभियंता शोधावा. असे लोक प्रत्येक लहान शहरात भेटतात आणि ते पगारासाठी लगेच नोकरी बदलत नाहीत.

‘फापिआओ’ म्हणजे करखात्याशी जोडलेली अधिकृत पावती. ती नसेल तर खर्च मान्य होत नाही आणि मूल्यवर्धित करही वळता करून घेता येत नाही. पावतीशिवाय स्वस्तात माल देणारा पुरवठादार म्हणूनच प्रत्यक्षात महाग पडतो.

सातवी पायरी : पैसा घरी आणणे, आणि वेळ आली तर बाहेर पडणे

नफा वाटण्याआधी मागचा तोटा भरून काढावा लागतो, आणि नोंदवलेल्या भांडवलाच्या निम्मी रक्कम साठेपर्यंत करोत्तर नफ्यातला दहावा भाग राखीव ठेवावा लागतो. उरलेला लाभांश भारतात पाठवताना दोन देशांतल्या कर-करारानुसार १० टक्के कर कापला जातो.

भारताच्या बाजूने, भारतीयांनी परदेशात करायच्या गुंतवणुकीचे २०२२ चे नियम लागू होतात. भारतीय कंपनीच्या निव्वळ मालमत्तेच्या ४०० टक्क्यांपर्यंतची गुंतवणूक सहसा स्वयंचलित मार्गाने, अधिकृत बँकेमार्फत करता येते. बँकेतून मिळणारा विशिष्ट क्रमांक पहिली रक्कम पाठवण्याआधी घ्यावा लागतो, आणि दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत चिनी कंपनीच्या कामगिरीचा अहवाल द्यावा लागतो. आपल्याकडचे अनेक लघुउद्योजक चीनमधली कामे चोख करतात आणि हा अहवाल विसरतात, मग पुढची रक्कम पाठवताना बँकेत अडकतात.

बाहेर पडण्याचा हिशेब आत शिरतानाच मांडून ठेवावा. कंपनी बंद करताना कामगारांना सेवेच्या प्रत्येक वर्षामागे एका महिन्याचा पगार द्यावा लागतो. कारखान्याची जागा पूर्ववत करून देण्याची अट भाडेकरारात असते, आणि करखात्याचा दाखला मिळाल्याशिवाय नोंदणी रद्द होत नाही. या सगळ्याला वर्षभर धरावे आणि तेवढ्या खर्चाची तरतूद खात्यात शेवटपर्यंत राखावी. तोवर शिक्के आपल्याच माणसाच्या ताब्यात असावेत. चिनी कंपनीतला आपला हिस्सा विकून आलेली रक्कम भारतात ९० दिवसांच्या आत आणायची असते, आणि ती मिळाल्यापासून ३० दिवसांत बँकेला कळवायचे असते.